गांधीजींच्या आधी उठणारा माणूस

१५ ऑगस्ट म्हटलं की आपल्या डोक्यात एकच साल येतं. साहजिक आहे. पण पुण्यात नगर रस्त्यावर एक जागा अशी आहे, जिथे या तारखेला आणखी एक साल चिकटलेलं आहे : १९४२. खराडी किंवा विमाननगरला हापिस असलेल्या मंडळींना ही जागा चांगलीच परिचयाची असेल, कारण तिच्या फाटकासमोरच्या ट्रॅफिकमध्ये आपण सगळ्यांनी आयुष्याचे कितीतरी तास घालवले आहेत. आगाखान पॅलेस. आवारात शेजारी शेजारी दोन समाध्या आहेत. एक कस्तुरबांची, शाळेच्या सहलीतून तेवढी लक्षात राहते. दुसरी महादेवभाई देसाईंची.

"महादेव देसाई? गांधीजींचे सेक्रेटरी ना?" बस्स. बहुतेकांची माहिती इथे संपते.

गेल्या काही महिन्यांत जमेल तसं, शनिवार-रविवार गाठून, या माणसाबद्दल वाचत होतो. त्यामागे थोडा स्वार्थ आहे, तो आधी सांगून टाकतो. मी सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं अशा टीममध्ये काढली आहेत, जी गिऱ्हाइकाला दिसेल असं काहीही बनवत नाही. आम्ही बाकीच्या इंजिनियरांसाठी काम करतो. त्यांचा कोड बिल्ड व्हावा, टेस्ट वेळेत चालाव्यात, रिलीज सुरळीत जावं, रात्री अडीचला सर्व्हर बसला तर कोणीतरी तो उठवावा... असली कामं. सगळं नीट चाललेलं असतं तेव्हा आमची कोणाला आठवण होत नाही. बिघडलं की सगळ्यांना एकदम होते. माझ्या मावशीने एकदा चिकाटीने विचारलं होतं, "म्हणजे तू नक्की बनवतोस काय?" मी म्हटलं, "बनवणाऱ्यांना मदत करतो." त्यावर ती म्हणाली, "म्हणजे हाताखाली?" विषय तिथेच मिटला. :-)

मावशीचं सोडा. पण मध्यंतरी टीममधल्या एका मुलीने जेवताना सरळच विचारलं, "यात आयुष्य घालवण्यासारखं काही आहे का? की मी वेळेत प्रॉडक्ट टीमकडे सटकू?" हुशार मुलगी आहे, दोन वर्षं झाली तिला. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. दुसऱ्याच्या कामाला हातभार लावण्यात अख्खं करियर काढलं तर हाती काय लागतं, हा प्रश्न काही डब्यातली भाजी संपेपर्यंत सुटणारा नव्हे. म्हणून म्हटलं, ज्याने हेच काम पंचवीस वर्षं केलं, आणि कदाचित जगात कोणी केलं नसेल इतकं उत्तम केलं, त्याच्याकडे जाऊन बघू.

तर महादेवभाई.

जन्म १ जानेवारी १८९२, सुरत जिल्ह्यातलं सरस नावाचं खेडं. (आगाखान पॅलेसही १८९२ चाच. निव्वळ योगायोग.) वडील शाळामास्तर. आई महादेव सात वर्षांचे असताना गेली. १९०५ मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षी, दुर्गाबेनशी लग्न. मग मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, १९१० मध्ये बी. ए., १९१३ मध्ये एलएल. बी. कायदा शिकता शिकता मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत नोकरी केली. जॉन मोर्लेंच्या 'ऑन कॉम्प्रमाइज' या पुस्तकाचा गुजराती अनुवाद करून फार्बस गुजराती सभेचं बक्षीस मिळवलं. थोडे दिवस अहमदाबादला वकिली, मग सहकारी बँकेत निरीक्षक. बंगाली येत होती, इंग्रजी तर उत्तमच. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की दुसरं काही जमत नाही म्हणून कोणाचा तरी सेक्रेटरी झाला, असा हा मामला नव्हता. स्वतःच्या नावावर लेखक म्हणून, वकील म्हणून बरं चाललं असतं.

गांधीजींशी संबंध आला तोही मजेशीर रीतीने. १९१५ मध्ये गांधीजींनी अहमदाबादला आश्रम काढला आणि त्याच्या नियमांचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी फिरवला. महादेवभाई आणि त्यांचे मित्र नरहरी परीख या दोन तरुण वकिलांनी तो वाचला आणि त्यातलं काय काय पटत नाही, ते पत्राने कळवलं. सक्तीचं ब्रह्मचर्य वगैरे मुद्दे होते. आजच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी डिझाइन डॉक्युमेंट रिव्ह्यूला टाकलं आणि या दोघांनी त्यावर खरोखरच रिव्ह्यू कॉमेंट्स दिल्या! गांधीजींनी दोघांना आश्रमात नेऊन बसवलं आणि दीडेक तास एकेका मुद्द्यावर चर्चा केली.

म्हणजे सुरुवात पाया पडण्यापासून झालेली नाही. सुरुवात मतभेदापासून झाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतरही महादेवभाईंनी उडी मारायला दोन वर्षं घेतली. ऑगस्ट १९१७ च्या अखेरीस मुंबईत गांधीजींनी त्यांना सांगितलं, की मी ज्या प्रकारच्या तरुणाच्या शोधात होतो तो मला तुझ्यात सापडला आहे. महादेवभाईंनी हे सगळं लगेच नरहरींना पत्राने कळवलं. त्या पत्रात एक बारकावा आहे. असं मी याआधी फक्त तिघांना म्हटलंय, असं गांधीजी म्हणाले होते : पोलाक, मिस श्लेसिन आणि मगनलाल. सोन्या श्लेसिन म्हणजे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या कचेरीचा सगळा डोलारा सांभाळणारी तरुण सेक्रेटरी. म्हणजे गांधीजींना हवं होतं ते मोठं नाव नव्हे. ज्याच्यावर आपलं काम बिनघोर सोपवता येईल, असं माणूस हवं होतं.

नोव्हेंबर १९१७ मध्ये महादेवभाई आणि दुर्गाबेन गांधीजींकडे गेले ते कायमचेच. तेव्हा त्यांचं वय पंचविसाच्या पुढे काही महिने. मृत्यू पन्नासाव्या वर्षी. आयुष्याचे जवळजवळ बरोबर दोन तुकडे, आणि दुसरा अख्खा तुकडा दुसऱ्याच्या कामासाठी.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते बघू. 'सेक्रेटरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टायपिस्ट किंवा अपॉइंटमेंट देणारा माणूस येतो. महादेवभाई पत्रांचे ढीग वाचत, त्यांची वर्गवारी करत, बऱ्याच पत्रांना स्वतः उत्तरं देत. भेटायला येणाऱ्यांना आधी भेटत. मुलाखतींची टिपणं घेत. 'यंग इंडिया', 'नवजीवन' आणि पुढे 'हरिजन'साठी लेख लिहीत, प्रुफं बघत. प्रवासाची व्यवस्था बघत. गांधीजींनी कोणतं पुस्तक, कोणती बातमी बघायला हवी ते शोधून त्यांच्यापुढे ठेवत. वेळ पडली तर स्वयंपाकही. गांधीजी पहाटे चारच्या प्रार्थनेला उठत आणि महादेवभाई त्यांच्याही आधी उठत, त्यांच्यानंतर झोपत, असं सांगतात.

आणि या सगळ्यातून रोजची डायरी. पहिली नोंद १३ नोव्हेंबर १९१७. शेवटची १४ ऑगस्ट १९४२, मृत्यूच्या आदल्या दिवशी. महादेवभाईंना लघुलेखन येत नव्हतं. साध्या अक्षरात, भरभर, हाताशी येईल त्या कागदावर ते टिपून घेत, आणि तरी मजकूर इतका अचूक असे की स्टेनो ठेवलेल्यांनी तोंडात बोट घालावं. गंमत म्हणजे या डायरीत महादेवभाई स्वतः जवळजवळ नाहीतच. गांधीजी काय म्हणाले, समोरच्याने काय विचारलं, पत्रात काय लिहिलं होतं. माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे वाचताना लॉग फाइलच आठवते. लॉग लिहिणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही, पण वीस वर्षांनी 'त्या दिवशी नेमकं काय झालं होतं' असा प्रश्न आला की दुसरं काही उपयोगी पडत नाही. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या शंभर खंडांत ठिकठिकाणी महादेवभाईंच्या डायरीचा आधार दिलेला दिसतो. ती टिपणं नसती तर कितीतरी भाषणं आणि संभाषणं हवेत विरली असती.

येरवडा तुरुंगातली १९३२ ची डायरी तर कोणीही वाचावी अशी आहे. त्या मार्चमध्ये महादेवभाईंना गांधीजी आणि वल्लभभाईंच्या सोबतीला आणून ठेवलं. एकीकडे पुढे पुणे कराराकडे नेणाऱ्या उपोषणाची घालमेल, आणि दुसरीकडे वल्लभभाई रद्दी कागदांची पाकिटं करताहेत, आपल्या सातवळेकरांच्या पाठमाला घेऊन संस्कृत शिकताहेत, आणि मधूनमधून असे काही शेरे मारताहेत की खुद्द गांधीजींना हसू आवरू नये. पाठ्यपुस्तकातले लोहपुरुष तिथे हाडामांसाचे होतात. हे टिपणाऱ्याचा कान काही साध्या कारकुनाचा नव्हता.

आता जरा आत्मचरित्राकडे वळू. 'सत्याचे प्रयोग' मूळ गुजरातीत, १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मध्ये क्रमशः आलं. ते जगभर गेलं मात्र इंग्रजीतून, आणि तो अनुवाद महादेवभाईंचा. गांधीजींनी तो तपासला होता, पण वाक्यं महादेवभाईंची. म्हणजे ज्या परदेशी वाचकाने गांधीजी पुस्तकातून ऐकले, त्याने प्रत्यक्षात जो आवाज ऐकला तो बराचसा महादेवभाईंचा होता. वेरियर एल्विन यांनी या अर्थाचं काहीसं लिहिलंच आहे, की हजारो घरांना गांधी इतके जवळचे वाटले ते महादेवभाईंमुळे.

पण मला त्या अनुवादापेक्षा त्याची छोटीशी प्रस्तावना जास्त आवडते. तिच्यात महादेवभाई आवर्जून सांगतात, की पाचव्या भागातल्या २९ ते ४३ या प्रकरणांच्या अनुवादाचं सगळं श्रेय माझे सहकारी प्यारेलाल यांचं. मी तेव्हा बारडोलीच्या चौकशीच्या कामात होतो. प्रकरणांच्या आकड्यांसकट! कोणाचा कमिट कुठला, ते इतकं स्वच्छ नोंदवणारे लोक आजही विरळाच. आणि १९४०च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट येते. इंग्रजीचे एक मोठे जाणकार आणि पूज्य स्नेही यांनी संपूर्ण मजकूर बारकाईने तपासून दिला आहे, पण माझं नाव कुठेही येता कामा नये, या अटीवर. हे गृहस्थ म्हणजे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, हे नंतर उघड झालं. शास्त्री म्हणजे गोखल्यांच्या मागून पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले, इंग्रजी वक्तृत्वासाठी साम्राज्यभर गाजलेले, आणि राजकारणात गांधीजींशी कितीतरी बाबतींत न पटणारे. एवढा माणूस दुसऱ्याच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्याने केलेल्या अनुवादातले स्वल्पविराम बघत बसला, आणि वर नाव नको म्हणाला!

इथे थांबून एक शंका घ्यायला हवी. हे लोक स्वतः काही करू शकले नसते म्हणून दुसऱ्याच्या मागे राहिले का?

महादेवभाईंपुरतं उत्तर १९२१ मध्ये मिळतं. अलाहाबादला मोतीलाल नेहरूंचं 'इंडिपेंडंट' हे दैनिक होतं. संपादक जॉर्ज जोसेफ यांना अटक झाली आणि गांधीजींनी महादेवभाईंना तिकडे पाठवलं. सरकारने छापखान्यावर टाच आणली, तर या माणसाने हाताने लिहून अंक काढायला सुरुवात केली. मग त्यांनाही पकडलं आणि एक वर्षाची सक्तमजुरी दिली. म्हणजे पुढे उभं राहता येत होतं, अंगावर घेता येत होतं. स्वतःच्या नावाची पुस्तकंही होती : बारडोलीच्या लढ्याचा इतिहास, खान बंधूंवरचं पुस्तक, मौलाना आझादांचं चरित्र. नेहरूंचं आत्मचरित्र त्यांनी गुजरातीत आणलं. १९३३-३४ च्या तुरुंगवासात गांधीजींच्या गीतेच्या अनुवादाचं इंग्रजी केलं आणि त्याला स्वतःची प्रदीर्घ, विद्वत्तापूर्ण प्रस्तावना लिहिली. (ते पुस्तक १९४६ मध्ये, त्यांच्या मागे निघालं.) आपल्या लिखाणाला सलग वेळ मिळावा म्हणून ज्याला तुरुंगात जावं लागतं, त्याच्यापुढे आपल्या विकांताच्या तक्रारी काय सांगायच्या!

सुटका झाली की मात्र परत गांधीजींच्या टपालाचा ढीग. हे त्यांनी पुन्हा पुन्हा निवडलेलं आहे.

इथपर्यंत गोष्ट छान आहे आणि इथेच संपवली तर एखादा एचआरवाला ती पोस्टर करून भिंतीवर लावील. म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. (सेवाग्राम हे नाव १९४० मधलं.) पोस्ट आणि सगळं दफ्तर वर्ध्यात, मगनवाडीत. ही मगनवाडीही वरच्या यादीतल्या मगनलालांच्या नावाची, बरं का. ते १९२८ मध्येच गेले होते. तर महादेवभाई मगनवाडीत राहत आणि रोज पायी सेगावला जात. जाऊन-येऊन साधारण अकरा मैल, म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर. कधी कधी दिवसातून दोनदा. वर्ध्याचा उन्हाळा काय चीज आहे, ते कोणाही वैदर्भीयाला विचारा. या पायपिटीने आणि कामाच्या रगाड्याने तब्येत पोखरली गेली, असं त्यांचे चिरंजीव नारायणभाई देसाई यांनी लिहिलं आहे. रक्तदाब, चक्कर, सक्तीची विश्रांती, पुन्हा काम. थांबा म्हणणारे होते, पण ते स्वतः थांबत नव्हते, आणि काम तर थांबतच नव्हतं.

१९३८ मध्ये ओडिशात डेलांगला गांधी सेवा संघाचं संमेलन होतं. तिथून कस्तुरबा, दुर्गाबेन वगैरे मंडळी पुरीला गेली आणि जगन्नाथाच्या मंदिरात दर्शन घेऊन आली. त्या मंदिरात तेव्हा हरिजनांना प्रवेश नव्हता. गांधीजींना हे कळलं आणि त्यांचा रक्तदाब चढला. दोष त्यांनी महादेवभाईंनाही दिला; बायकांना नीट समजावून सांगितलं नाहीस म्हणून. महादेवभाईंनी मला मोकळं करा म्हणून लिहून दिलं. गांधीजींनी साफ नकार दिला. मग महादेवभाईंनी एक अजब गोष्ट केली. या सगळ्या प्रकारावर 'हरिजन'मध्येच लेख लिहिला. त्याला नाव दिलं 'एक शोकांतिका', आणि गांधीजींशी असलेला आपला मतभेद त्यात लपवला नाही. गांधीजींनी तो छापू दिला. आणि महादेवभाई पुन्हा कामाला लागले.

१९१५ चा तो रिव्ह्यू करणारा वकील तेवीस वर्षांनंतरही शाबूत होता, असं मला हे वाचताना वाटलं. दुसऱ्याच्या कामात आयुष्य ओतणं आणि दुसऱ्यात विरघळून जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महादेवभाईंनी पहिली केली. दुसरी होऊ दिली नाही.

पण यात दुर्गाबेन कुठे आहेत? पहिल्या वर्षी चंपारणमध्ये त्या खेड्यातल्या शाळेत शिकवायला होत्या. नरहरींच्या पत्नी मणिबेन, मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन याही त्या कामात होत्या. बायकांना हिंदी येत नाही, तर शिकवणार काय, या शंकेवर गांधीजींचं म्हणणं असं, की व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा. त्यानंतरची पंचवीस वर्षं दुर्गाबेननी नवऱ्याचं वेळापत्रक सोसलं. घरी कधी येणार, तुरुंगात कधी जाणार, काही ठाऊक नाही. महादेवभाईंनी गांधीजींना आधार दिला, पण त्या आधाराला आधार कोणी दिला, हे डायरीत येत नाही. आमच्याकडेही ऑन-कॉलचा आठवडा फोन वाजणाऱ्याचा एकट्याचा नसतो. शेजारी झोपलेल्या माणसाचाही असतो.

१९४२ च्या ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजी, महादेवभाई, मीराबेन, सरोजिनी नायडू आगाखान पॅलेसमध्ये आणले गेले. गांधीजी तुरुंगात आमरण उपोषणाला बसतील, ही चिंता महादेवभाईंना खात होती. सहा दिवसांनी, १५ तारखेच्या सकाळी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि बघता बघता सगळं संपलं. डॉक्टर सुशीला नय्यर तिथेच होत्या. त्यांनी लिहून ठेवलंय, की गांधीजी त्यांना नावाने हाका मारत राहिले. त्याने एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं असतं तर तो उठलाच असता, असं त्यांना वाटत होतं. मग बहात्तर वर्षांच्या गांधीजींनी आपल्या हाताने त्या देहाला स्नान घातलं आणि तुरुंगाच्या आवारातच अग्नी दिला. बाप मुलाचं करतो तसं. सुटका होईपर्यंत ते त्या जागेवर फुलं वाहायला जात राहिले. दीड वर्षाने, २२ फेब्रुवारी १९४४ ला, शेजारीच कस्तुरबा गेल्या.

पुढे नरहरी परीखांनी मित्राच्या डायऱ्यांचं संपादन हाती घेतलं. पहिला खंड १९४८ मध्ये आला. साहित्य अकादमीने १९५५ मध्ये पुरस्कार द्यायला सुरुवात केली, तेव्हा गुजरातीसाठीचा पहिलाच पुरस्कार 'महादेवभाईनी डायरी'ला मिळाला. दुसऱ्याचं बोलणं टिपून घेणाऱ्या वह्यांना! नारायणभाईंनी वडिलांचं चरित्र लिहिलं, त्यालाही अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९९३ मध्ये. त्या चरित्राच्या नावाचा अर्थ 'अग्निकुंडात उगवलेला गुलाब' असा आहे. मुलाने गुलाबही पाहिला होता आणि अग्निकुंडही. नावातून त्याने दोन्हींपैकी काहीच गाळलं नाही.

असो. आता त्या डब्याच्या वेळच्या प्रश्नाकडे.

आधी एक गोष्ट स्वच्छ करतो. आपली कंपनी म्हणजे स्वातंत्र्यलढा नाही आणि आपला व्हीपी म्हणजे गांधीजी नाहीत. त्यामुळे 'महादेवभाई बघा, पंचवीस वर्षं राबले' असं कोणी तुम्हांला सांगायला आलं, तर खुशाल उठून चहा प्यायला जा. मी हे वाचून उलटंच काहीतरी शिकलो.

मला वाटतं, दुसऱ्याच्या कामाला हातभार लावण्यात समाधान मिळतं की नाही, हे त्या कामाच्या पाटीवर ठरत नाही. महादेवभाईंना ते मिळालं, कारण कोणाच्या मागे उभं राहायचं हे त्यांनी दोन वर्षं पारखून ठरवलं होतं. कारण 'नाही' म्हणायची जागा त्यांनी कधी सोडली नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, जे केलं ती त्यांची स्वतःची कारागिरी होती. अनुवाद, टिपण, मसुदा यांत हात धरणारा दुसरा नव्हता. काम गांधीजींचं असेल, पण कसब महादेवभाईंचं, आणि समाधान कसबातून येतं. मीही जेव्हा दोन तासांचा बिल्ड वीस मिनिटांवर आणतो, आणि शंभरेक लोक त्या दिवशी घरी जरा लवकर जातात (का गेले ते त्यांना कळतही नाही), तेव्हा जे वाटतं ते खोटं नसतं. ते अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मावत नाही एवढंच.

आणि जे त्यांच्याकडून घ्यायचं नाही, तेही उघड आहे. पन्नासाव्या वर्षी हृदय बंद पडणं हा निष्ठेचा पुरावा नव्हे. ते अकरा मैल कोणीतरी कमी करायला हवे होते. गांधीजींनी, आश्रमाने, नाहीतर महादेवभाईंनी स्वतः. आधार देणाऱ्या माणसाची मर्यादा सहसा कोणी आखून देत नाही, कारण तो थांबला की सगळ्यांचीच गैरसोय होते. ती आपली आपण आखावी लागते.

तर बाई, प्रॉडक्टमध्ये जायचं असेल तर जरूर जा. काही वाईट नाही त्यात. पण 'हे हाताखालचं काम आहे' म्हणून जाऊ नकोस. माणसं बघ, ज्यांच्यासाठी करतेस त्यांचं काम बघ, तुझ्या हाताला यात काही नवीन येतंय का ते बघ, त्यांच्या तोंडावर 'हे चुकतंय' म्हणता येतं का ते बघ. या प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर थांबायला हरकत नाही. नसतील, तर नोटीस पिरियड किती आहे ते मला विचार, मला पाठ आहे. आणि 'सत्याचे प्रयोग'ची इंग्रजी प्रत माझ्या डेस्कवर आहे, ती घेऊन जा. पहिल्या प्रकरणाच्या आधीची दोन-तीन पानं वाचलीस तरी चालेल.